नानांचा फळा आणि निकामी उपग्रह

लालबागच्या जमनादास चाळीत माणसं किती, असं कुणी नाना घाडीगावकरांना विचारलं असतं तर त्यांनी "एक" असं सांगितलं असतं. बाकीच्यांना ते रहिवासी म्हणत. रहिवासी म्हणजे जो 'आणि' दीर्घ लिहितो, दुकानाच्या पाटीवर 'चहा व नाष्टा मीळेल' असं रंगवून घेतो आणि तरीही वर मान करून हिंडतो, अशी नानांची व्याख्या होती.

नानांचं पाळण्यातलं नाव गुणाजी. वडील गिरणीत होते, काका गिरणीत होते, पण गुणाजी त्या वाटेला गेला नाही. गिरगावातल्या एका छापखान्यात आधी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला आणि मग प्रुफं तपासायला बसून त्याने एकतीस वर्षं काढली. व्याख्यानांतून ज्यांना टाळ्या पडत अशा विद्वानांचे मजकूर त्याच्या टेबलावर उघडेवाघडे येऊन पडत आणि लाल होऊन परत जात. इतक्या मोठ्या माणसांचे इतके ऱ्हस्व-दीर्घ ज्याने सावरले, त्याच्या मनात माणसांबद्दल आदर उरणं कठीणच. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने निरोप समारंभाची कार्डं छापली आणि त्यांत 'हार्दीक' असं पडलं. नाना समारंभाला गेले नाहीत.

घरी बायको, लक्ष्मी, वाण्याची यादी लिहून द्यायची आणि नाना ती आधी तपासायचे. पुढे तिने यादी लिहिणंच सोडलं, तोंडी सांगू लागली. नानांना यात आपलं काही चुकलं असं कधी वाटलं नाही. आता लक्ष्मी नाही, आणि यादी नाना स्वतःच लिहितात. ती बिनचूक असते.

राहिला फळा. चाळीच्या दर्शनी भिंतीवर, जिन्याच्या डाव्या हाताला, मंडळाने अडतीस वर्षांपूर्वी सिमेंटचा करून काळा रंगवलेला. त्या दिवसापासून तो नानांचा झाला. सकाळी सातला आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून नाना फळ्यासमोर उभे राहत. खडू पाण्यात भिजवून आणलेले असत, म्हणजे अक्षर ठसठशीत उमटतं. आधी दोरी ताणून रेघा मारायच्या, मग लिहायचं. खाली पाण्याच्या वेळा, कोण वारलं, रक्तदान कुठे, आणि सगळ्यात वर जगातली एक बातमी, दहा-बारा शब्दांत. तेराव्या शब्दाला नाना चरबी म्हणत.

अक्षर देखणं होतं, हे त्यांना नावं ठेवणारेही कबूल करत. आणि चूक नाही. अडतीस वर्षांत एकही चूक नाही, हे चाळीला पाठ होतं. फळ्यावर आलंय म्हणजे ते तसंच, असं बोलायची पद्धतच पडून गेली होती. ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांच्याबद्दल मात्र नानांचं मत फळ्याहून काळं होतं. कुणी थांबून काही विचारलं की "वाचता येत नाही का?" हे ठरलेलं उत्तर. त्यामुळे हळूहळू विचारणारे कमी झाले. लोक जाता जाता फळ्याकडे नजर टाकत आणि पुढे जात, आणि लोक वाचतच नाहीत असा नानांनी त्याचा अर्थ लावला.

चाळीच्या मागे एक बसकी कौलारू ओळ आहे, सात खोल्यांची. जमनादास शेटच्या घोडागाड्या तिथे असायच्या. घोडे गेले आणि गिरणीतली माणसं आली. पुढच्या इमारतीतले लोक तिला 'मागची ओळ' म्हणतात आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतात, कारण मागे सगळी बौद्ध कुटुंबं आहेत आणि आपण तसलं काही मानत नाही हे पुढच्यांना दाखवायचं असतं. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा त्या ओळीला पहिल्यांदा भारदस्त नाव मिळालं. बिल्डरच्या नोटिशीत होतं: 'मुख्य इमारत व उपगृह'. हा शब्द मागच्यांनी जन्मात ऐकला नव्हता. आता तो त्यांच्या डोक्यातून जात नव्हता, कारण मुख्य इमारतीला याच जागेवर टॉवरमध्ये खोल्या मिळणार होत्या आणि उपगृहाबाबत 'स्वतंत्रपणे ठरवण्यात येईल' असं होतं. स्वतंत्रपणे म्हणजे टिटवाळ्याच्या पुढे. हे बिल्डरचा माणूस राकेश घरोघर चहा पीत, मावशी-काका करत समजावून सांगत होता. जागा सोडायला तयार असल्याच्या कागदावर सही द्यायची नाही असं सातही घरांनी ठरवलं होतं आणि वर्षभर कुणी दिली नव्हती.

त्या बुधवारी राकेशने चाळीच्या तोंडाशी एक फ्लेक्स लावला. 'भव्य ग्रहनिर्माण योजना'. नाना दूध घेऊन येत होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, राकेशला हाक मारून बोलावलं आणि गॅलरीतून माना बाहेर येईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "ग्रह आकाशात असतो, गृह जमिनीवर. तुझा मालक आकाशात इमारती बांधणार आहे का?" त्यांनी खिशातला खडू काढून त्या चकचकीत फ्लेक्सवर ग च्या पायातलं ऋकाराचं वळण काढून दाखवलं, एकदा, दोनदा. चाळ पोट धरून हसली. राकेशही हसला. फ्लेक्स उतरवून घेऊन गेला, आणि धडा त्याने नीट लक्षात ठेवला.

त्याच आठवड्यात आकाशातही एक प्रकरण चाललं होतं. एका बड्या देशाने सोडलेला उपग्रह वर जाताच बिघडला होता. खालून दिलेला एकही हुकूम तो ऐकत नव्हता, दिवसेंदिवस खाली घसरत होता, आणि त्याच्या पोटातल्या टाकीत विषारी इंधन गोठून बसलं होतं. आपला आपण पडू दिला तर टाकी न जळता तशीच जमिनीवर येईल, म्हणून समुद्रातल्या एका जहाजावरून क्षेपणास्त्र सोडायचं आणि त्याला वरच्या वर फोडून टाकायचं ठरलं होतं. दिवस शुक्रवार, आपल्या घड्याळात दुपारी साडेबारा.

टीव्हीवाल्यांना तेवढंच पुरलं. नकाशावर लाल वर्तुळ फिरत फिरत मुंबईवर येऊन थांबायचं आणि जाहिराती लागायच्या. चाळ समितीचा अध्यक्ष जगदीश नानांना विचारून गेला की गॅलरीवरचा पत्रा टिकेल का. जाडजूड सोन्याची चेन घालणारा हा माणूस दोनदा नगरसेवक व्हायला निघाला होता. नाक्याजवळचा भजीवाला म्हणाला की भंगार पडलं तर आधी ज्याने उचललं त्याचं. आणि एकाच्याही तोंडात उपग्रह हा शब्द नव्हता. सगळे सॅटेलाइट म्हणत होते. सॅटेलाइट पडणार, सॅटेलाइट उडवणार. एवढा सुरेख शब्द आपल्या भाषेत असताना ही माणसं उष्टं तोंडात घोळवतात, याचा नानांना त्या गोठलेल्या विषापेक्षा जास्त संताप आला होता.

शुक्रवारी सकाळी ते फळ्यासमोर उभे राहिले. क्षेपणास्त्र लिहायचं त्यांच्या मनात होतं. क्ष आणि स्त्र ही त्यांची लाडकी जोडाक्षरं. पण फळ्याचा खालचा अर्धा भाग पाणीकपातीने अडवला होता, आणि शिवाय कशाने पाडतात हे या लोकांना सांगून उपयोग काय, असं त्यांना वाटलं. विषारी इंधनही त्यांनी याच कारणाने गाळलं. त्यांनी लिहिलं:

'निकामी उपगृह आज पाडणार. वेळ दुपारी साडेबारा. घाबरण्याचे कारण नाही.'

होय, उपगृह. दोन दिवस ते येणाऱ्याजाणाऱ्याला राकेशच्या फजितीची गोष्ट सांगत होते, ग च्या पायातला ऋकार हवेत बोटाने काढून दाखवत होते. शुक्रवारी हात त्याच वळणाने गेला. दुसऱ्याची चूक मुद्रितशोधकाला गल्लीच्या टोकावरून दिसते. स्वतःची नाकाखाली असली तरी दिसत नाही, कारण स्वतःचं तो वाचतच नाही. नाना दोन पावलं मागे गेले, अक्षरांची उंची पाहिली, समाधानाने हात झटकले.

पहिली आली चंपाबाई. मागच्या ओळीत तीन नंबरला ती एकटी राहते. परळच्या एका हॉस्पिटलात आया होती, निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली. शाळा तिने पाहिली नव्हती. चाळिशीत साक्षरतेच्या वर्गात अक्षरं ओळखायला शिकली, मग वर्ग बंद पडले आणि वाचायला समोर उरला तो हा फळा. वीस-पंचवीस वर्षं ती रोज सकाळी इथे उभी राहून ओठ हलवत एकेक शब्द लावते. ते ओठ हलवणं नानांना अजिबात खपत नसे. वाचायचं तर डोळ्यांनी वाचावं, तोंडाने काय चघळायचं, असं ते म्हणत.

चंपाबाईने शब्द लावले आणि ती उभीच राहिली. मग तिने विचारलं, "नाना, आजच? दुपारी?"

"साडेबारा. लिहिलंय ना?"

"मग आम्ही काय करायचं?"

आठवडाभर ऐकलेल्या सगळ्या मूर्ख प्रश्नांत हा नानांना वरचढ वाटला. आकाशात दोनशे-अडीचशे किलोमीटरवर एक यंत्र फुटणार आणि ही बाई आपण काय करायचं ते विचारते. ते म्हणाले, "तुम्ही काय करणार? दारं लावून बसा. तुम्हाला विचारून पाडतात काय?"

चंपाबाईने पदर सारखा केला. तिचा आवाज जरा बारीक झाला. "नक्की ना, नाना? चूकबीक नाही ना काही?"

नाना जिन्याकडे वळले होते ते थांबले. अडतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता. "चंपा," ते म्हणाले, "माझ्या फळ्यावर चूक काढायची तर आधी शाळेत जाऊन ये."

हे बोलताना त्यांनी फळ्याकडे एकदा पाहिलं असतं तरी पुढचं काही घडलं नसतं. पण त्यांनी चंपाबाईच्या पायांतल्या झिजलेल्या चपलांकडे पाहिलं आणि ते चहा करायला वर निघून गेले. माणसाला तुच्छ लेखायचं म्हटलं की त्याच्याकडे बघावं लागत नाही, आणि तेच नानांना सगळ्यात सोयीचं पडत आलं होतं.

राकेश पानवाल्याकडे उभा होता. त्याने फळा वाचला, पुन्हा वाचला. दोन दिवसांपूर्वी सगळ्या चाळीदेखत शिकवलेला धडा तो, त्याला ओळखायला वेळ लागला नाही. तो काही न बोलता नाक्यावरच्या आपल्या पत्र्याच्या ऑफिसात जाऊन बसला. चंपाबाई तिथे आपल्या पायांनी गेली. ओळीतली बाकीची सहा घरं कामांवर पांगली होती; विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

राकेश तिच्याशी एक शब्दही खोटं बोलला नाही, हे माप त्याच्या पदरात घालायलाच हवं. फळ्यावर असं आलंय, ती म्हणाली. आलंय खरं, तो म्हणाला. आता थांबवता येईल का, तिने विचारलं. सही असेल तर वर शब्द टाकून बघतो, तो म्हणाला. तिने विचारलं की मग ओळ राहील ना, आणि त्याने सांगितलं की आज तर नक्की राहील. चंपाबाईने सावकाश, पूर्ण नाव घालून सही केली. सव्वादहा वाजले होते.

अकराला नाना पोस्टात जायला खाली उतरले. फळ्याशेजारून जाताना डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी टोचलं. ते वळले. ग च्या पायात तो आकडा लोंबत होता. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वर गॅलऱ्यांकडे पाहिलं. कुणी नव्हतं. बोट थुंकीने ओलं करून त्यांनी आकडा पुसला, दांडीला तिरकी रेघ मारली, बोट रुमालाला पुसलं. गृह गेलं, ग्रह झाला. सगळं मिळून अर्धा मिनिट लागलं असेल. पोस्टात जाईपर्यंत त्यांची छाती धडधडत होती, पण धडधड होती ती चूक झाली याची. ती चूक कुणी वाचली असेल, वाचून खरी मानली असेल, हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

बारा वाजून गेल्यावर ते मंडळाच्या खोलीत टीव्ही बघायला निघाले तेव्हा मागच्या ओळीसमोर चंपाबाई स्टुलावर बसलेली दिसली. भोवती तिचं सामान. बाबासाहेबांची तसबीर मांडीवर, शेजारी पत्र्याची पेटी, गॅसची शेगडी, गुंडाळलेली गादी, डबे. ही बाई सॅटेलाइटला भिऊन घरातलं सामान उघड्यावर घेऊन बसली, असा नानांनी निष्कर्ष काढला. आत जाऊन त्यांनी तो जगदीशला सांगितला. खोलीत जो हशा पिकला त्यात नानाही सामील होते, आणि नाना चारचौघांत हसत नसत.

साडेबाराला पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरा ठिपका सरकताना दिसला. खालून दुसरा ठिपका निघाला. दोघे भेटले, पडदा पांढराफटक झाला आणि मग धुराच्या धाग्यांसारखं काहीतरी सगळीकडे उधळलं. कोट्यवधींचं ते यंत्र एका क्षणात चुरा होऊन गेलं. मंडळाच्या खोलीत उडवला, उडवला असा गलका झाला, टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टी मारली. दुसऱ्याचा उपग्रह, दुसऱ्याचं क्षेपणास्त्र, आणि आनंद असा की जणू यांच्याच गॅलरीतून बाण सुटला. नाना तोंड वाकडं करून घरी जेवायला गेले.

तो गलका बाहेर चंपाबाईने ऐकला. ती तसबीर छातीशी धरून उठली आणि आपल्या छपराकडे बघत राहिली. छप्पर जागच्या जागी होतं. दोन वाजेपर्यंत ती तशीच थांबली. मग एकेक वस्तू आत नेली. राकेशने शब्द पाळला, असं तिला वाटलं.

संध्याकाळी ओळीतली माणसं कामावरून आली तेव्हा आपण ओळ वाचवली असं तिने त्यांना सांगितलं. मग धावाधाव झाली. सगळे फळ्यापाशी गेले, तर तिथे स्वच्छ अक्षरांत उपग्रह. राकेश म्हणाला की बाईंनी स्वखुशीने सही दिली, मी कशाला नको म्हणू. जगदीशने गॅलरीत उभं राहून म्हातारीने सॅटेलाइटची खोली केली असं जाहीर केलं आणि पुढे दोन दिवस चाळीला तेवढंच पुरलं. पोरीबाळी चंपाबाईला बघून आकाशाकडे बोट दाखवू लागल्या.

नानांना सगळं शुक्रवारी रात्रीच कळलं होतं. ते गप्प बसले. एवढंच केलं असतं तरी समजून घेता आलं असतं. शनिवारी न्हाव्याकडे कुणीतरी विषय काढला तेव्हा ते म्हणाले की जोडाक्षरं न शिकता वाचायला बसलं की असं होतं. हे वाक्य त्यांच्या तोंडून कसं निघालं ते त्यांनाच ठाऊक. पण घरी आल्यावर त्यांना जेवण गेलं नाही, आणि रविवारचा फळा त्यांनी पाच वेळा तपासला.

रविवारी चाळ समितीची सभा होती. विषय एकच. मागच्या ओळीने मागणी केली होती की चंपाबाईची दिशाभूल झाली असं पत्र समितीने बिल्डरला द्यावं. समितीने तसं लिहिलं तर कागद परत करू, असं बिल्डरने राकेशकडून कळवलं होतं. त्याला समितीशी भांडण नको होतं. म्हणजे चंपाबाईची खोली राहायची की जायची, हे पुढच्या इमारतीतली माणसं ठरवणार होती. आणि मागचं एकेक घर कमी होईल तसतशी पुढच्यांच्या खोल्यांत जागा वाढणार होती. हे कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. सगळे आपापल्या नव्या स्वयंपाकघराचं माप मनात घेऊन बसले होते.

जगदीशने चंपाबाईला विचारलं की तिने नक्की काय वाचलं. ती उभी राहिली. म्हणाली, "उपगृह होतं. ग च्या पायात वळण होतं. मी दोनदा लावलं." हसू उमटलं. ती पुढे म्हणाली, "नानांना विचारा. ते आहेत ना. नाना खोटं लिहीत नाहीत, आणि खोटं सांगायचे नाहीत."

ती हे टोचून बोलली असती तर नाना गप्प बसले असते. टोमण्याला त्यांच्याकडे शंभर उत्तरं होती. पण तिने ते तिला वाटत होतं म्हणून म्हटलं. नाना खुर्चीचा हात धरून उठले. अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना शब्द जुळवावे लागले.

"ती बरोबर आहे," ते म्हणाले. "मी गृह लिहिलं होतं. अकरा वाजता माझ्या लक्षात आलं. मी ते पुसून दुरुस्त केलं आणि कुणाला सांगितलं नाही. चूक माझी आहे."

मग जगदीशच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समजूतदार हसू पसरलं. तो म्हणाला की नाना, तुमचं मन किती मोठं आहे ते आज कळलं. गरीब बाईची अब्रू राखायला तुम्ही अडतीस वर्षांचं नाव पणाला लावलंत. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवली. राकेश दाराशी उभा होता. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "परवाच नानांनी मला ग्रह आणि गृह शिकवलं, सगळ्यांसमोर. तो माणूस चुकेल?"

नाना पुन्हा सांगू लागले. तारीख, वेळ, कोणतं बोट, कुठली रेघ. ते जितकं बारकाईने सांगत होते तितक्या माना कौतुकाने हलत होत्या. त्यांचा तोल गेला. ते ओरडले की तुम्ही मूर्ख आहात, मी सांगतोय ते ऐका. पण हे चाळीने त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यात आता काही उरलं नव्हतं. हे आपले नाना, असं म्हणून लोक प्रेमाने हसले. राकेशच्या नजरेला मात्र त्यांची नजर मिळाली. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि तो नम्रपणे उभा होता.

मत घेतलं. पुढच्यांचे हात जास्त, मागच्यांचे कमी. पत्र द्यायचं नाही असं ठरलं.

समितीची चिटणीस प्राची इतिवृत्त लिहीत होती. तिला शाळेत असल्यापासून नानांनीच शुद्धलेखन शिकवलं होतं, आणि चाळीतला कुठलाही ठराव नानांनी तपासून खाली सही केल्याशिवाय कायम होत नसे. तिने वही त्यांच्यासमोर ठेवली. 'श्रीमती चंपाबाई यांनी फलकावरील मजकूर चुकीचा वाचल्याचे निष्पन्न झाले. श्री. घाडीगावकर यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल सभा त्यांचे अभिनंदन करीत आहे.'

नानांनी चष्मा पुसला. पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. निष्पन्न मधला पोटफोड्या ष पाहिला, औदार्य वरचा रफार पाहिला, श्रीमतीच्या दोन्ही वेलांट्या, अभिनंदनाचा अनुस्वार, पूर्णविराम. एक वेलांटी चुकली असती तर वही फेकून देता आली असती. त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा, ओठ हलवत. प्राची पेन पुढे धरून उभी होती. लोक उठून खुर्च्या लावू लागले होते. एकही चूक नव्हती.

चंपाबाई अजून जागेवरच बसली होती. तिच्या आवाजात राग नव्हता. रोज सकाळी फळ्यापाशी बोलायची तसंच ती बोलली.

"करा सही, नाना. चूक नसेल तर करा."